तत्त्वज्ञानाला पोरं पाहिजेत

तत्त्वज्ञान हा विषय मी निवडला नाही. तो आमच्या घरी आला, चपला काढून आत बसला, आईच्या हातचे कुरकुरीत निप्पट्टू खाल्ले, आणि जाताना मला घेऊन गेला.

पीयूसीचा, म्हणजे आमच्याकडच्या बारावीचा, निकाल लागला होता. मला मानसशास्त्र हवं होतं. का हवं होतं ते आता नीट सांगता येणार नाही. माणसांच्या डोक्यात काय चालतं ते कळलं की त्यांच्याशी कमी बोलावं लागेल, असा काहीतरी समज असावा. बेंगळूरच्या कॉलेजांत बीएला तीन-तीन विषय एकत्र घ्यावे लागत. मानसशास्त्र ज्या गटात होतं तो गट भरला होता. मी तोंड पाडून घरी आले, आणि त्याच आठवड्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आमच्या दारात उभे.

ते आमच्यातलेच, मराठीच. समाजाच्या हॉलमध्ये लग्नाकार्यात अण्णांची आणि त्यांची ओळख झालेली. अण्णा म्हणजे माझे वडील. शाळांचे युनिफॉर्म शिवायचं त्यांचं दुकान होतं. आमच्यासारखी घराणी तीनशे वर्षांपासून या शहरात आहेत, पण शिकलेला माणूस घरी आला की अण्णांचा चेहरा कालच गावाहून आल्यासारखा व्हायचा. प्राध्यापकांना त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

या माणसाबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांना अनेकवचन लावलेलं दिसेल. ती व्याकरणाची सवय आहे. आदर समजू नये.

"अण्णा, मुलीला फिलॉसॉफीला घाला," सर म्हणाले.

"त्यात काय असतं, सर?"

"काही नसतं. म्हणजे, त्रास काही नसतो. नोट्स मी देतो. पाठ केल्या की झालं. आजवर माझा एक मुलगा नापास नाही. आणि बारा वाजता कॉलेज सुटतं. मुलीच्या दृष्टीनं बरं."

"पुढे काय करता येतं त्याचं?"

"पुढे?" सर हसले. "पुढे लग्न!"

अण्णा हसले, आईही हसली. मी दाराशी उभी होते. माझ्याकडे बघून कोणी काही विचारलं नाही. आई म्हणाली, "स्वल्प कॉफी घ्या की सर अजून," आणि अण्णा म्हणाले, "सरी, बरं. तुम्ही म्हणताय तर बरोबरच असणार." माझ्या आयुष्याची तीन वर्षं अशी निप्पट्टूच्या बशीवर ठरली.

सरांना इतकी कळकळ का होती ते कॉलेज सुरू झाल्यावर समजलं. तत्त्वज्ञानाला मुलं येत नव्हती. विद्यापीठाला जेवढी मुलं लागत, तेवढी भरली नाहीत तर विभाग बंद, आणि सर कुठल्यातरी आडगावच्या कॉलेजात. त्यामुळे दर उन्हाळ्यात ते ऑफिसातून जागा न मिळालेल्या मुलांचे पत्ते काढायचे आणि घरोघर फिरायचे. विमा विकणाऱ्यासारखे. विमेवाला निदान तुमच्या मरणाबद्दल तरी खरं बोलतो.

आमचा वर्ग वाचनालयाच्या मागे, सायकल स्टँडला लागून होता. आम्ही सगळे मिळून दोन ऑटोंत मावलो असतो. एक हॉकी खेळणारा होता, त्याला खेळाडू म्हणून प्रवेश मिळालेला आणि तो मागच्या बाकावर झोपायचा. लग्न ठरेपर्यंत वेळ काढणाऱ्या काही मुली होत्या. एक पुण्याचा मुलगा होता, त्याच्याबद्दल सांगायचं आहे. आणि माझ्या शेजारी आनेकलची मुलगी बसायची. ती रोज पहाटे उठून आनेकलहून बसनं यायची. तिच्या घरी रेशीमकिडे पाळत. तुतीची पानं घालून, आंघोळ करून, उभ्यानं प्रवास करून ती पहिल्या तासाला हजर असायची आणि तरी तिच्या वेणीतला एक केस इकडचा तिकडे नसायचा. जिभेनं तिखट होती. आम्ही कन्नडमध्ये बोलायचो.

"तुला कोणी फसवलं?" तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं.

"सर घरी आले होते."

"आमच्याकडे पण आले होते. बसनं! माझ्या बापाला म्हणाले, बारा वाजता सोडतो, दुपारच्या बसनं घरी, संध्याकाळी किड्यांना पाला घालायला मोकळी. बाप खूष." तिनं वही उघडली. "मला वाटलं, एवढ्या लांब बसनं आले म्हणजे काहीतरी शिकवायची हौस असेल."

तशी हौस नव्हती. सरांकडे प्लास्टिकच्या पिशवीत तपकिरी पडलेले कागद होते. ते टेबलावर ठेवून, डोळे कागदावर, ते सांगत आणि आम्ही लिहीत. विरामचिन्हांसकट. "सत्याच्या शोधात, कॉमा, प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यावी, फुलस्टॉप. जुन्या अधिकारावर, कॉमा, परंपरेवर, कॉमा, गुरूवरही, फुलस्टॉप. नवा परिच्छेद." हे सगळं इंग्रजीत. बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत, मागे हॉकीवाला घोरत असे, आणि एक गृहस्थ आमच्याकडून शंका घ्यावी असं लिहवून घेत. त्यांना स्वतःला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. हाच त्यांचा थोरपणा.

कोणी हात वर केला तर ते म्हणत, "प्रश्न शेवटी." शेवट म्हणजे तासाचा शेवट असेल असं आधी आम्हाला वाटलं. मग धड्याचा शेवट असेल असं वाटलं. मग आम्ही हात वर करायचं सोडलं. आनेकलच्या मुलीनं नाही सोडलं. ती दर आठवड्याला एकदा तरी हात वर करी, "प्रश्न शेवटी" ऐकून घेई आणि हात खाली घेई. बाकीच्या मुली हसत. हसणाऱ्या त्या मुलींचाही मला राग यायचा. त्यांनी पुढे सुखाचे संसार केले असतील. करोत.

पुण्याचा मुलगा प्रश्न विचारत नसे. तो विधानं करी. त्याच्या वडिलांची एका मोठ्या कारखान्यात इकडे बदली झाली होती. दाढी पुरती उगवली नव्हती, पण होती तेवढी तो वाढवत होता. खांद्याला झोळी, झोळीत एक जाड पुस्तक, पुस्तकात खूण नेहमी सुरुवातीच्या त्याच पानांत. सायकल स्टँडवर तो मुलींना सांगायचा की त्याला झोप येत नाही, कारण अस्तित्वाला अर्थ नाही. तत्त्वज्ञान त्यानं मात्र आपणहून निवडलं होतं. सरांना तो देवानं पाठवल्यासारखा वाटे.

मी मराठी आहे हे कळल्यावर तो माझ्याशी बोलायला आला.

"तुमचं मराठी फार गमतीदार आहे हं," तो म्हणाला. "सरी काय, अक्का काय. हे मराठी नाहीच खरं म्हणजे."

"मग कळलं कसं तुला?" मी विचारलं.

तो झोळी सावरत गेला. पुढे तीन वर्षं तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, आणि मी त्याच्याशी हट्टानं त्याच गमतीदार मराठीत.

असं सगळं चाललं होतं आणि माझ्या मनातला तिरस्कार तसा हलकाच होता. वाईट कॉफीबद्दल असतो तसा. पिऊन टाकायची आणि विसरायचं. तो खरा झाला एका साध्या दिवसामुळे.

त्या दिवशी सर वर्गात आले ते हात हलवत. प्लास्टिकची पिशवी बसमध्ये राहिली होती. त्यांनी टेबलाचा खण उघडला, बंद केला. आमच्यातल्या एकीची वही मागितली, तिचं अक्षर लागेना. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि आमच्याकडे पाठ करूनच बोलायला लागले. सुरुवात इंग्रजीत झाली, मग कन्नड आलं, आणि नंतर कुठली भाषा होती ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"मी लहान असताना माझे वडील वारले," ते म्हणाले. "मला कोणी सांगितलं नाही. परगावी गेलेत, येतील, असं सांगितलं. मी रोज स्टेशनच्या रस्त्यावर जाऊन बसायचो. शाळेतल्या पोरांना सांगायचो, माझे वडील येणार आहेत. अगदी खात्रीनं. आता मला सांगा, ती जी खात्री होती माझी, ते ज्ञान होतं का?"

हॉकीवाला उठून बसला होता.

"नव्हतं. कारण ते खोटं होतं. बरं. पण समजा, ते खरंच परगावी असते आणि आले असते. मग माझी खात्री ज्ञान झाली असती का? माझ्यात तर काहीच बदललं नसतं. तोच मुलगा, तोच रस्ता, तीच खात्री. मग ज्ञान कुठे राहतं? माझ्यात, की बाहेर?"

आनेकलच्या मुलीनं हात वर केला नाही. तिनं सरळ विचारलं, "मग तुम्हाला कधी कळलं, सर?"

सर वळले. "कळलं असं नाही," ते सावकाश म्हणाले. "आई कुंकू लावत नव्हती. ते मी रोज बघत होतो. म्हणजे मला माहीत होतं. पण मला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. असं होऊ शकतं का, ते शोधा. त्यालाच फिलॉसॉफी म्हणतात."

माझ्या अंगावर काटा आला होता. त्या मिनिटाला त्या माणसानं जे सांगितलं असतं ते मी केलं असतं. आणि त्यानं काय सांगितलं? खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आम्ही लिहून घेतोय का ते बघितलं, आणि घाबरून म्हणाला, "हे लिहू नका. हे परीक्षेला नाही."

दुसऱ्या दिवशी पिशवी सापडली. पुन्हा कॉमा, पुन्हा फुलस्टॉप.

ज्याला शिकवता येत नाही अशा मास्तरावर मी आयुष्यात कधी रागावले नाही. तसे पुष्कळ बघितले. पण याला येत होतं. येत असून तो ते पिशवीत बांधून ठेवत होता आणि पिशवी हरवली तेव्हाच नाइलाजानं आमच्यापुढे टाकत होता. तेव्हापासून मी त्यांच्या तासाला त्यांच्याकडे बघत असे ती वाट बघत. दुसऱ्यांदा कधी चुकतात ते. ते चुकले नाहीत.

वर्षाच्या उत्तरार्धात नोटीस लागली. विद्यापीठाची समिती येणार होती. कॉलेजला संगणकाचा नवा अभ्यासक्रम सुरू करायचा होता. त्या काळात शहरातल्या प्रत्येक गल्लीत संगणकाचे क्लास उघडत होते, मग कॉलेजनं मागे का राहावं? त्यासाठी खोल्या हव्या होत्या आणि खोल्यांसाठी कुठलातरी विभाग मरायला हवा होता. समिती आमच्या वर्गात बसून बघणार होती की तत्त्वज्ञान जिवंत आहे की नाही.

सरांनी तालीम सुरू केली.

"समितीला चर्चा आवडते," ते म्हणाले. "आपण उत्स्फूर्त चर्चा करायची आहे. प्रत्येकाला मी वाक्यं देतो."

विषय होता, माणूस स्वतंत्र आहे का. मी हे बनवून सांगत नाही. अभ्यासक्रमातला तोच धडा तेव्हा चालू होता आणि सरांनी तोच बसवला. पुण्याच्या मुलाला मोठी भूमिका मिळाली, त्याला शंका काढायच्या होत्या, आणि एका ठिकाणी थोडं थांबून कपाळाला हात लावायचा होता. मला एक प्रश्न मिळाला: सगळं आधीच ठरलेलं असेल तर चोराला शिक्षा का करायची? हॉकीवाल्याला खिडकीजवळ, झोप लागणार नाही अशा बेतानं बसवलं. आणि शेवटी सर दोन्ही बाजूंचा मेळ घालून एक वाक्य सांगणार होते, त्यावर आनेकलच्या मुलीनं उभं राहून म्हणायचं होतं, "थँक यू सर. आता मला समजलं."

तिला तेवढंच. तिनं दर आठवड्याला हात वर केला होता त्याची ही शिक्षा होती की बक्षीस, कोण जाणे. मला वाटतं सरांनी इतका विचार केलाच नव्हता. तिचं इंग्रजी अडखळत असे, म्हणून छोटं वाक्य.

आम्ही आठवडाभर तालीम केली. रोज त्याच ठिकाणी पुण्याचा मुलगा कपाळाला हात लावी, रोज मी चोराची काळजी करी, आणि रोज ती उठून "आता मला समजलं" म्हणे. बसस्टॉपवर एकदा ती म्हणाली, "सगळ्यांना वाक्यं दिली ती नुसती वाक्यं आहेत. मलाच तेवढं खोटं बोलायला दिलंय."

"म्हणून टाक. एक मिनिटाचं काम आहे."

"हो," ती म्हणाली. "म्हणणार आहेच. सरांची नोकरी आहे ती."

हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे काही लोकांनी तिला बंडखोर वगैरे ठरवलं. तिनं काही ठरवलेलं नव्हतं.

समिती आली. रसायनशास्त्रवाल्यांच्या कुंड्या उचलून आमच्या दारात ठेवल्या होत्या. प्राचार्य पुढे, मागे समितीचे दोन पुरुष आणि एक वयस्क बाई. पुरुषांपैकी एकजण बसल्या बसल्या घड्याळ बघायला लागला, दुसऱ्याचं लक्ष दाराबाहेर, जिथून जेवणाच्या बोंड्यांचा वास येत होता. उच्चशिक्षणाचं भवितव्य ठरवणारे हे लोक. बाई मात्र सुती साडीचा पदर घट्ट लपेटून नीट ऐकत बसल्या.

चर्चा छान झाली. पुण्याच्या मुलानं कपाळाला हात लावला, तो तालमीपेक्षा अंमळ जास्तच वेळ. मी चोराबद्दल विचारलं. सरांनी आवाज चढवून शेवटचं वाक्य सांगितलं, "म्हणून माणूस कारणांनी बांधलेला आहे, परंतु आत्मनिर्णयाच्या पातळीवर तो मुक्त आहे," आणि हसतमुखानं आनेकलच्या मुलीकडे बघितलं.

ती उठली. "थँक यू सर," ती म्हणाली, आणि थांबली. मी शेजारीच होते. तिनं बाकाची कड घट्ट धरलेली मला दिसत होती.

"नाही समजलं, सर."

सरांचं हसू तसंच राहिलं. फक्त त्यातला माणूस निघून गेला. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"नाही, सर."

"बस खाली," सर हळूच कन्नडमध्ये म्हणाले.

"थांबा, थांबा," त्या बाई म्हणाल्या. "काय समजलं नाही, बाळ?"

"बांधलेला आहे आणि मुक्त आहे, दोन्ही एकदम कसं ते."

"सरांनी सांगितलं ना आत्ता?"

"हो, मॅडम. माझं पाठ आहे ते." आणि तिनं पूर्ण परिच्छेद म्हणून दाखवला. कॉमा आणि फुलस्टॉप यांच्यासकट, कारण तिनं तो तसाच पाठ केला होता. घड्याळवाला मान वर करून बघायला लागला. हॉकीवाल्याला हसू फुटलं. ती हसली नाही, तिचे डोळे भरले होते. "पाठ आहे," ती म्हणाली. "समजलं नाही."

बाई सरांकडे वळल्या. त्यांचा स्वर मऊ होता, त्यात काही सापळा नव्हता. "प्रोफेसर, एखादं उदाहरण द्या ना. पुस्तकातलं नको. तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं काही."

आता, मी मनात म्हटलं. आता खिडकीकडे जा. स्टेशनचा रस्ता सांगा, रोज तिथे जाऊन बसणारा मुलगा सांगा. तो मुलगा बांधलेला होता की मोकळा, एवढं विचारा फक्त. सरांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर तो त्या दिवसाचा सावकाशपणा आला, मी पाहिला. मग त्यांची नजर प्राचार्यांवर गेली. तिथून टेबलावरच्या पिशवीवर.

"मॅडम," ते म्हणाले, "अभ्यासक्रमात उदाहरण दिलेलं नाही."

त्यानंतर पुण्याचा मुलगा उभा राहिला आणि समजणं म्हणजे तरी काय, यावर बोलत सुटला. समिती उठली ती त्याच्यामुळे. निदान तेवढा तरी त्याचा उपयोग झाला.

सरांनी आनेकलच्या मुलीला सायकल स्टँडपाशी गाठलं. मी बरोबर होते.

"माझ्या पोटावर पाय दिलास तू," ते म्हणाले. "एक वाक्य होतं. एक!"

"म्हणणार होते, सर. तोंडातून आलं नाही."

"का?"

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत. वाटलं, खरंच विचारताय."

सरांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ती एखाद्या भलत्याच भाषेत बोलली. मग ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी. अण्णांनी पुन्हा खुर्ची पुसली. सरांचं म्हणणं, त्या मुलीनं प्राचार्यांकडे लेखी द्यावं की तिची तब्येत बरी नव्हती, काय बोलली ते तिला कळलं नाही. आणि हे तिच्या गळी मी उतरवावं, कारण मी मैत्रीण.

"सांग तिला," अण्णा मला म्हणाले. "गुरू आहेत ते. स्वल्प वाकलं तर काय बिघडतं?"

"मी नाही सांगणार."

अण्णांना पाहुण्यासमोर नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं अण्णा ओरडतील. ते नुसते खाली बघत बसले, आणि त्यांची लाज वाटून मला आणखीच राग आला, आणि तो मी सरांवर काढला.

"सर, तुम्ही वडिलांचं सांगितलं होतं ते का नाही सांगितलं? बाईंनी विचारलं तेव्हा?"

"ते?" सर म्हणाले. कप बशीत फिरवला. "पोरी, त्यासाठी कोणी पगार देत नाही."

"कोणी मागितलं तरी नाही द्यायचं?"

ते कॉफी तशीच टाकून उठले. गेल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "बिचारा माणूस." मला तेव्हा तो बिचारा वाटला नाही. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, नोकरी म्हणजे काय ते मलाही कळतं, तरी वाटत नाही.

आता या प्रकरणाचा निकाल काय लागला ते सांगते. समितीचा अहवाल आला. विभाग चालू ठेवावा, अशी शिफारस होती. कारण दिलं होतं की या वर्गात विद्यार्थी न समजलेली गोष्ट उभं राहून, निर्भयपणे सांगू शकतात, आणि असं वातावरण तयार करणारा शिक्षक दुर्मीळ असतो. बाईंनी लिहिलं असणार. चांगल्या हेतूनं लिहिलं असणार. चांगल्या हेतूची माणसं या जगात किती नासाडी करतात.

सर आठवडाभर गप्प होते. मग हळूहळू त्यांच्या चालीत फरक पडला. मग ते स्टाफरूममध्ये सांगू लागले की मी मुलांना पहिल्या दिवसापासून निर्भय केलं. त्या उन्हाळ्यात नव्या पोरांच्या घरी जाताना ते अहवालाचा तो उतारा बरोबर नेत. त्यांना मुलं मिळाली. खोली मात्र गेलीच, संगणक आमच्या खोलीत आले आणि तत्त्वज्ञान जिन्याखाली गेलं. तिथे सायकलींच्या घंट्या ऐकू येत नव्हत्या, एवढाच फरक.

आनेकलच्या मुलीला अंतर्गत परीक्षेत सरांनी आमच्या सगळ्यांत कमी गुण दिले. पाठ तिचं सर्वांत चांगलं होतं. ती भांडली नाही. हात वर करणं तिनं त्यानंतर थांबवलं. तीन वर्षं पूर्ण केली, एका विमा कंपनीच्या ऑफिसात लागली, लग्न केलं, घर बांधलं. मी एकदा तिच्याकडे त्या दिवसाचा विषय काढला तर म्हणाली, "किती रडले होते गं मी बसमध्ये. कंडक्टरनं जागा करून दिली." बाकी काही बोलायची तिची इच्छा दिसली नाही.

नव्वदचं दशक संपता संपता शहर ओळखू येईनासं झालं. शहराच्या कडेला काचेची ऑफिसं उभी राहिली, पुण्या-मुंबईची पोरं ढिगानं आली आणि त्यांना इथे येऊन विचार कसा करावा ते शिकवायची टूम निघाली. सर त्यात शिरले. सुट्टीच्या दिवशी ते इंजिनियरांना व्याख्यानं द्यायचे असं अण्णांकडून कळायचं. अण्णांना अभिमान.

मग जयनगरला एका लग्नात ते भेटले. केस काळे केलेले, गळ्यात टाय. पंगतीत माझ्या शेजारचीच जागा त्यांना मिळाली. त्यांच्या पलीकडे एक तरुण इंजिनियर बसला होता, बहुतेक त्यांचाच श्रोता.

"ही माझी विद्यार्थिनी," सरांनी त्याला सांगितलं. "यांची बॅच म्हणजे काय बॅच! समितीसमोर तो पुण्याचा मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, नाही समजलं! मी म्हटलं, शाब्बास."

"तो नव्हता, सर," मी म्हणाले. "ती होती. आनेकलची."

"असेल, असेल," सर म्हणाले, आणि त्या तरुणाकडे झुकले. "मी नेहमी सांगायचो मुलांना. नाही समजलं तर उभं राहा."

तो तरुण मान डोलवत होता. पानात मीठ आणि कोशिंबीर वाढून झाली होती, भात यायचा होता. वाढलेलं पान सोडून उठू नये असं आमच्याकडे मानतात. मी उठले. आई पलीकडच्या रांगेतून डोळे मोठे करून बघत होती, तिला हातानं खूण केली की काही नाही, आणि दाराजवळ जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या पंगतीला जेवले. सार गार झालं होतं. चाललं.